वादळाची शिकवण आणि उन्हाळ्याची तयारी

ओडिशा राज्यावर अवघ्या दीड वर्षाच्या अंतरानें दोन मोठीं संकटें आलीं. १९९८ च्या उन्हाळ्यांत तेथें उष्णतेची जी लाट आली तिनें, सरकारी नोंदीप्रमाणें, २,०४२ माणसांचा बळी घेतला. पुढच्याच वर्षीं, १९९९ च्या ऑक्टोबरच्या २९ तारखेस, पारादीप बंदराजवळ महाचक्रीवादळ किनाऱ्यावर आदळलें, समुद्र कित्येक मैल आंत शिरला आणि सुमारें १०,००० माणसें प्राणांस मुकलीं; त्यांतलीं बहुतेक एकट्या जगतसिंहपूर जिल्ह्यांतलीं होतीं. त्या वादळाचें नांव काढलें कीं आजहि देशभर लोक हळहळतात. १९९८ च्या उन्हाची आठवण मात्र ओडिशाबाहेर फारशी कोणाला नाहीं. असें कां व्हावें, आणि या विसरण्याची किंमत आपल्याला काय पडते, याचा थोडा इतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावा असें मनांत आहे.

आधीं वादळाची गोष्ट. तें ओसरल्यापासून दोन-तीन महिन्यांच्या आंत राज्य सरकारनें आपत्तिनिवारणासाठीं एक स्वतंत्र प्राधिकरण उभें केलें. पुढच्या वर्षांत किनाऱ्याच्या गांवोगांवीं उंच खांबांवरचीं पक्कीं निवाराघरें बांधलीं गेलीं. एरवीं त्यांत शाळा भरावी आणि वादळाच्या वेळीं सारा गांव मावावा अशी ती योजना. पण माझ्या मतें खरें काम सिमेंटचें नव्हतें. गांवांत म्हातारें कोण आहे, पांगळें कोण, कोणती स्त्री गरोदर आहे, कोणाला उचलून न्यावें लागेल, याच्या याद्या झाल्या. निवाराघराची किल्ली कोणाकडे असेल तें ठरलें. हवामान खात्याचा अमुक इशारा आला म्हणजे अमुक अधिकाऱ्यानें अमुक हुकूम सोडावयाचाच, वरिष्ठांच्या तोंडाकडे पाहत बसावयाचें नाहीं, हेंहि ठरलें. १४ वर्षांनीं, १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं, गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ नांवाचें प्रचंड वादळ आलें. तेव्हां १० लाखांवर माणसें आगाऊ हलविलीं गेलीं होतीं आणि मृतांचा आंकडा पन्नाशीच्या आंत राहिला. २०१९ च्या मे महिन्यांत ‘फनी’ आलें, त्या वेळीं सुमारें १२ लाख लोक हलविले गेले. प्रत्येक वादळाची जात निराळी असते, आणि १९९९ सारखी समुद्राची लाट पुन्हां तशी आली नाहीं, हें मान्य केलें तरी दहा हजारांवरून पन्नासावर येणें हें केवळ दैवानें घडत नाहीं.

आतां उन्हाचें पाहूं. वादळ गेल्यावर मोडलेलें घर दिसतें, उन्मळलेलें झाड दिसतें, वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें. ऊन कांहींच मोडीत नाहीं. शहर जेथल्या तेथें असतें, दुकानें उघडीं असतात, फक्त स्मशानांत गर्दी वाढलेली असते. शरीराचा धर्म असा आहे, कीं बाहेर तापलें म्हणजे हृदय जोरानें चालून रक्त कातडीकडे लोटतें, घाम सुटतो, आणि तो वाळतां वाळतां शरीर निवतें. ज्याचें हृदय आधींच थकलें आहे त्याला हा जादा भार सोसत नाहीं. ज्याच्या शरीरांतलें पाणी सरलें त्याचीं मूत्रपिंडें बिघडतात. डॉक्टर दाखल्यावर लिहितात, ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यु’. तें लिहिणें खोटें नसतें. पण ऊन त्या कागदावर कोठेंच उमटत नाहीं. भर रस्त्यांत तापानें कोसळून जो मरतो तेवढाच उष्माघाताच्या सदरांत जातो, आणि असे लोक एकूण बळींत थोडे असतात. ओडिशांतले ते २,०४२ म्हणूनच विशेष म्हटले पाहिजेत. निदान ते मोजले तरी गेले! त्या राज्यानें पुढें शाळा सकाळच्या केल्या, भर दुपारचीं मजुरीचीं कामें थांबविलीं, रस्तोरस्तीं पाणपोया घातल्या, आणि नंतरच्या कोणत्याहि उन्हाळ्यांत सरकारी नोंदींतला आंकडा १९९८ च्या जवळपासहि गेला नाहीं. वादळासाठीं जी यंत्रणा उभी राहिली तीच येथें उन्हाच्या कामीं आली.

न दिसणारें मरण ही अडचण आपल्या देशाला नवी नव्हे. दुष्काळाचेंहि असेंच असे. भुकेनें खंगलेला माणूस शेवटीं पटकीनें किंवा तापानें जाई, आणि नोंदवहींत पटकी किंवा ताप एवढेंच राही. १८७६ चा पाऊस दख्खनांत फसला आणि तेथून १८७८ पर्यंत जो दुष्काळ चालला त्यांत ५० लाखांवर लोक गेले असा अंदाज आहे. त्या वेळीं हिंदुस्थान सरकारनें पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहावरून दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडेसे पैसे एवढ्यावर उतरविली गेली. मुंबई इलाख्यांतले हजारों मजूर तीं कामें सोडून निघून गेले. अशा वेळीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जें केलें तें मला फार मोलाचें वाटतें. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ति रानडे यांच्या या सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून आपले बातमीदार लावून गांवोगांवची हकीकत जमविली, ती सरकारकडे धाडली आणि छापून प्रसिद्धहि केली. सभेजवळ धान्याचीं कोठारें नव्हतीं कीं अधिकार नव्हता. पण जें सरकारच्या वहींत दिसत नव्हतें तें तिनें कागदावर आणलें.

पुढें सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या आयोगानें १८८० सालीं अहवाल दिला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीं दुष्काळाचे नियम तयार झाले. धान्याचे भाव चढूं लागले, सावकारानें कर्ज देणें थांबविलें, माणसें गांव सोडून भटकूं लागलीं, किरकोळ चोऱ्या वाढल्या, कीं लोक मरावयास लागण्यापूर्वींच कलेक्टरानें चांचणीचीं कामें काढावयाचीं, आणि त्यांवर गर्दी झाली तर दुष्काळ पडला असें समजावयाचें, अशी ती रचना होती. म्हणजे प्रेतें मोजून दुष्काळ ठरवावयाचा नाहीं, चिन्हें पाहून ठरवावयाचा. कल्पना उत्तम होती. परंतु नुसत्या नियमानें पोट भरत नाहीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत नियम अस्तित्वांत असूनहि लाखों लोक मेले, कारण नियम ज्यांच्या हातीं होता त्यांचा हात आंखडलेला होता. तोच विचार स्वराज्यांत निराळ्या रीतीनें फळाला आला. १९७२-७३ च्या महाराष्ट्रांतील दुष्काळांत, १९७३ च्या मे महिन्यांत, जवळजवळ ५० लाख माणसें सरकारी कामांवर होतीं. त्यांतूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला. ज्यांनीं तो दुष्काळ पाहिला त्यांच्या डोळ्यांपुढें खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा अजून असतील. त्याच रांगांत आजच्या विषयाचें एक कोडें आहे. दुष्काळावरचा उपाय म्हणून जें काम दिलें तें ऐन वैशाखांत, उघड्या माळावर. एका आपत्तीची सोय दुसरीचें कारण कशी होऊं शकते तें येथें दिसतें. या मुद्द्याकडे मी पुढें पुन्हां येणार आहे.

शिकागो शहराची कथा परदेशची असली तरी थोडक्यांत सांगितली पाहिजे. जुलै १९९५ मध्यें तेथें पारा ४१ अंशांवर गेला, रात्रींहि हवा निवेना. एका आठवड्यांत नेहमीपेक्षां ७३९ माणसें अधिक मेलीं. प्रेतें ठेवावयास जागा पुरेना म्हणून शीतपेट्यांच्या मालमोटारी आणाव्या लागल्या, आणि तरीहि महापौर म्हणत होते कीं हे सारे उन्हाचे बळी कशावरून? मेलेल्यांत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. भीतीनें खिडक्या-दारें लावून घेतलेल्या तापल्या खोल्यांत ते सांपडले. पुढें त्या शहरानें एकट्या वृद्धांना दूरध्वनि करण्याची आणि गरज पडल्यास घरीं माणूस धाडण्याची व्यवस्था केली. चार वर्षांनीं १९९९ सालीं तेथें पुन्हां मोठी लाट आली तेव्हां बळींची संख्या बरीच खालीं आली होती. वादळाच्या गांवयादीचाच हा शहरी अवतार म्हणावयाचा.

आपल्याकडे हा धडा प्रथम अहमदाबादेनें घेतला. मे १९९८ नव्हे, मे २०१०. तारीख २१, पारा ४६.८ अंश. त्या महिन्यांत शहरांत किती माणसें गेलीं याचा हिशेब नंतर संशोधकांनीं महापालिकेच्या मृत्युनोंदींवरून काढला. त्यांनीं कोणत्याहि दाखल्यावरचें कारण पाहिलें नाहीं. २०१० च्या मे महिन्यांतले एकूण मृत्यु घेतले, २००९ आणि २०११ च्या त्याच महिन्यांतले मृत्यु घेतले, आणि वजाबाकी केली. उत्तर आलें १,३४४. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यु या संख्येचा अगदीं लहानसा अंश होते. एवढ्या साध्या वजाबाकीनें एक न दिसलेली आपत्ति दिसूं लागली! सार्वजनिक सभेच्या बातमीदारांची आठवण मला येथें होते.

त्यानंतर २०१३ सालीं अहमदाबाद महापालिकेनें, गांधीनगरची सार्वजनिक आरोग्यसंस्था आणि कांहीं परदेशी अभ्यासक यांच्या साहाय्यानें, उष्णतेचा कृति-आराखडा तयार केला. दक्षिण आशियांतला तो या प्रकारचा पहिलाच. त्यांत पारा ४१ अंशांपलीकडे गेला कीं पिवळा इशारा, ४३ पलीकडे नारिंगी आणि ४५ ला तांबडा, असें आधींच ठरवून ठेविलें आहे. इशाऱ्याचा रंग बदलला म्हणजे काय करावयाचें याचा विचार त्या दिवशीं करीत बसावें लागत नाहीं. एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो, तो खात्याखात्यांना कळवितो. रुग्णालयांत बर्फाच्या पिशव्या तयार ठेवतात, दुपारीं बंद असणाऱ्या बागा सावलीसाठीं उघडतात, वस्त्यांतून पाणी पुरवितात. १८८० चे दुष्काळाचे नियम आणि हा आराखडा यांचें नातें मला फार जवळचें वाटतें, मग आराखडा करणाऱ्यांना तें ठाऊक असो वा नसो. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें या आराखड्यामुळें वर्षाकांठीं सरासरी १,१९० मृत्यु टळले असावेत असा अंदाज केला. अशा अंदाजांत चुकीला जागा मोठी असते आणि त्या अभ्यासकांनींहि तें लपविलेलें नाहीं. परंतु अर्धा जरी खरा धरला तरी ती काय थोडी गोष्ट झाली?

याच शहरांतली एक लहानशी गोष्ट मला आराखड्याहूनहि बोलकी वाटते. महापालिकेच्या एका रुग्णालयांत बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखालीं होता. २०१० च्या उन्हाळ्यांत नवजात बालकें तापानें फणफणून अतिदक्षता विभागांत येऊं लागलीं. डॉक्टरांनीं शोध केला आणि तो विभाग खालच्या मजल्यावर हलविला. पुढच्या उन्हाळ्यांत अशा बालकांची संख्या पुष्कळ कमी झाली. औषध नाहीं, यंत्र नाहीं, खाटा तेवढ्या खालीं आणल्या.

अहमदाबादेचें पाहून नागपूर आणि भुवनेश्वर यांनीं २०१६ च्या सुमारास आपापले आराखडे केले आणि पुढें ही साथ देशभर पसरली. साथच म्हणतों, कारण नक्कल करणें हा त्यांतला मोठा दोष ठरला. २०२३ मध्यें दिल्लीच्या एका अभ्याससंस्थेनें १८ राज्यांतले ३७ आराखडे तपासले. कोणत्या वस्तींत कोण सर्वांत अधिक धोक्यांत आहे याची पाहणी त्यांपैकीं फक्त दोहोंत सांपडली. म्हणजे हुकूम आहे, यादी नाहीं. ओडिशाच्या गांवांत किल्ली कोणाकडे आहे तें ठरलें होतें. येथें दार कोणाचें ठोठावावयाचें तेंच माहीत नाहीं.

शिवाय एका ठिकाणचा अंश दुसऱ्या ठिकाणीं चालत नाहीं. विदर्भांत उन्हाळा कोरडा, म्हणून वाळ्याचे ओले पडदे दाराखिडक्यांना लावले कीं घर निवतें. कोंकणांत हवा आधींच पाण्यानें जड. तेथें वाळा सुवास देईल, गारवा देणार नाहीं, आणि अंगावरचा घामहि वाळणार नाहीं. म्हणूनच हवामान खातें उष्णतेच्या लाटेसाठीं मैदानी प्रदेशांत किमान ४० अंश धरतें तर किनाऱ्यावर ३७. नवी मुंबईंत खारघर येथें १६ एप्रिल २०२३ रोजीं ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चालला. त्या दिवशीं पारा ३८ च्या आसपास होता. नागपूरकर त्याला उन्हाळा म्हणणार नाहीं. १४ माणसें दगावलीं. नंतर सरकारनें जाहीर केलें, कीं उन्हाळा उतरेपर्यंत दुपारीं १२ ते ५ या वेळांत मोकळ्या मैदानावर कार्यक्रम घेऊं नयेत.

आतां मघाशीं राहिलेला मुद्दा. एका आपत्तीतून सांवरतांना दुसरीचा विचार सुटला तर काय होतें याचें उदाहरण आपल्याच मराठवाड्यांत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला. गणपतिविसर्जन करून लोक गाढ झोपले होते. तेथलीं घरें जाड दगडी भिंतींचीं, दगड मातींत बसविलेले, आणि वर लांकडी तुळयांवर हात-दीड हात मातीचें माळवद. तें सारें ओझें निजल्या माणसांवर आलें. जवळपास ८,००० माणसें गाडलीं गेलीं. पुनर्वसन मोठ्या धडाडीनें झालें. ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं, आणि नवीं घरें भूकंपांत पडणार नाहींत अशीं बांधलीं. यांत दोष काढणें कृतघ्नपणाचें होईल. पण तें जड माळवद, ज्यानें माणसें मारलीं, तेंच दर उन्हाळ्यांत त्यांना जपत आलें होतें. दोन-अडीच फुटांची भिंत दिवसभराचें ऊन आपल्या पोटांत ठेवते आणि घर थंड राहतें. पातळ भिंतींचें आणि सिमेंटच्या छताचें घर दुपारींच तापतें आणि रात्रभर धग सोडतें. जुन्या गांवांत गल्ल्या अरुंद, एका घराची सावली दुसऱ्याच्या दारांत. नव्या गांवांत रस्ते रुंद आणि सरळ, कारण आंखणी कागदावर झाली. दगडाची धास्ती बसलेले लोक घर वाढवावयाचें झालें कीं पत्र्याची खोली काढूं लागले. मराठवाड्याच्या मे महिन्यांत पत्र्याखालीं दुपार काढणें म्हणजे काय तें ज्यानें काढली असेल त्यालाच विचारावें.

जाड भिंत ठेवूनहि ती भूकंपांत उभी राहील असें करतां येतें. दगडांत आरपार जाणारे सांधे-दगड घालावे, तुळईखालीं आणि दारखिडक्यांच्या वर सभोंवार पट्टा घालावा, माळवदाची माती उतरवून हलकी करावी. त्याच पुनर्वसनांत, जीं गांवें हलविलीं नाहींत तेथें, जुन्या घरांच्या दुरुस्तीसाठीं असले उपाय शिकविलेहि गेले. पण ज्यानें एकदां ढिगाऱ्याखालून बाप काढला त्याला दगडी भिंतीखालीं पुन्हां निजावयास कोण सांगणार? येथें विज्ञान हात टेकतें. म्हणून निदान नव्या छपरांना चुन्याचा पांढरा हात द्यावा, दारापुढें लिंब लावावा, पत्र्याखालीं गवताचा थर द्यावा. अहमदाबादेनें २०१७ पासून झोपडपट्ट्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्यास आरंभ केला तो याच हेतूनें.

पैशाची बाजूहि इतिहासांतूनच समजते. केंद्राच्या आपत्तिनिधीसाठीं ज्या संकटांची यादी ठरविली होती तींत वादळ, पूर, भूकंप, दुष्काळ, गारपीट, टोळधाड होती. २०१२ सालीं शीतलहरहि आली. उष्णतेची लाट आली नाहीं. २०२१ ते २०२६ या काळासाठीं पंधराव्या वित्त आयोगानेंहि ती यादी वाढविण्याची गरज मानली नाहीं. राज्यांना आपल्या निधीपैकीं १० टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तीसाठीं वापरण्याची मोकळीक होती, आणि ओडिशानें २०१५ सालीं उष्णतेची लाट ही राज्याची आपत्ति म्हणून जाहीर करून तिचा उपयोग केला. थंडीनें मेलेला दिसतो आणि उन्हानें मेलेला दिसत नाहीं असा याचा अर्थ घ्यावा काय?

तो दिसावा म्हणून फार मोठा खर्च लागत नाहीं. लहान-मोठ्या प्रत्येक नगरपालिकेंत जन्ममृत्यूची नोंद असते. एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांचीं गेल्या दहा वर्षांचीं पानें काढावीं, रोजचे मृत्यु एका बाजूस आणि त्या दिवसाचा पारा दुसऱ्या बाजूस लिहावा. गांवच्या महाविद्यालयांतले चार विद्यार्थी एका सुटींत हें काम करूं शकतील. मग कोणत्या अंशाला आपलें गांव आजारी पडूं लागतें तें अहमदाबादेला विचारावें लागणार नाहीं. त्याच नोंदींत पत्ताहि असतो. कोणत्या पेठेंत, कोणत्या चाळींत मृत्यु वाढले तें नकाशावर टिंबें देऊन पाहतां येईल. आणि तीं टिंबें जेथें दाट पडतील तेथल्या एकट्या राहणाऱ्या आजोबा-आजींचीं नांवें, त्यांच्या शेजाऱ्यांचीं नांवें, आणि दुपारीं कोणी जाऊन हांक मारावयाची त्याचें नांव, अशी एक यादी फाल्गुन संपण्यापूर्वीं तयार करावी.